कवेलूवरची तीन पिल्लं

मुक्काम सालेकसा, जंगल ऑफिसची चाळ
ज्येष्ठ वद्य, शनिवार, सन १९३३

तीर्थस्वरूप मामाजी शालीकरामजी यांच्या चरणी जावई केशोरावाचा दंडवत.

पत्रास तसं कारण काही नाही. आपल्या डोळ्यांतला मोतीबिंदू कितपत पिकला, सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात, पांढऱ्या गाईला गोऱ्हा झाला की कालवड, देवळामागच्या धानाच्या बांधीत खत पडलं की नाही, हे सगळं सवडीनं कळवावं. आपल्याला अक्षर दिसत नाही, तेव्हा शेजारचे दुलीचंद मास्तर हे पत्र वाचून दाखवतील असं धरून लिहितो. शामकला नागऱ्याला आल्याला आज अकरा दिवस झाले. तिची खुशाली मी विचारत नाही, कारण माहेरी माणूस खुशालच असतं. (मास्तरांनी हे वाक्य साध्या आवाजात वाचावं, टोमणा मारल्यासारखं वाचू नये.)

तिनं आपल्याला सांगितलंच असेल की तुमच्या जावयानं एका झाडापायी चार बायकांच्या देखत माझा पाणउतारा केला. हे खोटं आहे. म्हणजे पाणउतारा केला हे खरं आहे, पण बायका चार नव्हत्या, चाळीसेक होत्या. आणि झाड एक नव्हतं. पहिल्यापासून सांगतो, कारण येत्या गुरुवारी आमचा साहेब येतो आहे आणि त्यानंतर मी आपल्याला पत्र लिहिण्याच्या लायकीचा राहीन की नाही, याची मला खात्री नाही.

आपल्याला आठवत असेल, सुपारी फुटली त्या दिवशी आपण विचारलं होतं, "नौकरी पक्की आहे का?" मी छाती काढून म्हणालो होतो, "वर्षभरात पक्की होते." त्याला चार वर्षं झाली आणि मी अजून हंगामी कारकून आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात मला कामावर घेतात, हंगाम सरला की पुढचा हुकूम येईपर्यंत मी आकाशाकडे बघतो. आपण त्यानंतर एकदाही विचारलं नाही. त्या न विचारण्याची मला जास्त लाज वाटते.

तर फाल्गुनात आमचे क्लेगसाहेब विलायतेची रजा संपवून आले. येताना आल्प्स नावाच्या बर्फाच्या डोंगरातून बिस्किटाच्या डब्यात घालून काही झाडं घेऊन आले. झाड कसलं, तळहाताएवढं जाड पानांचं कमळ. टोकं लालसर, पानात पाणी भरलेलं. मातीवर नाही, दगडाच्या फटीत जगतं. साहेबाचं म्हणणं, हे बर्फात मरत नाही, उपासानं मरत नाही, याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'सदा जिवंत'. पचमढीच्या क्लबात कुणा दुसऱ्या साहेबाशी त्यांची पैज लागली होती की हे झाड आपल्या मुलखातसुद्धा जगवून दाखवीन. मग चैत्रात साहेब स्वतः गारव्याला पचमढीला गेले आणि झाडं सालेकशाच्या उन्हात माझ्या गळ्यात अडकवून गेले. जाताना टांग्यात बसून म्हणाले, "केशोराव, ये ज़िंदा तो तुम पक्का. ये मर गया तो तुम कच्चा." आणि हसले. साहेब लोक हसत बोलतात तेच खरं असतं, हे मला चार वर्षांत कळलं आहे.

पहिली फजिती आठवड्याच्या आत झाली. साहेबाचं पत्र आलं, की माझ्या कोंबड्यांना आणि पिल्लांना जप. मी दिवसभर कोंबड्या शोधल्या. साहेबाच्या बंगल्यावर एकही नव्हती. म्हटलं येणार असतील. म्हणून मी खुराडं बांधून घेतलं आणि पायलीभर तांदळाची कनकी आणून ठेवली. पुढच्या पत्रात उलगडा झाला की या झाडाच्या आईभोवती बारकी बारकी झाडं फुटतात, म्हणून विलायतेत त्याला कोंबडी-पिल्लं म्हणतात. (आपल्याकडे दगडालासुद्धा देव म्हणतात, त्यांनी झाडाला कोंबडी म्हटलं तर बिघडलं काय? पण खुराडं लक्षात ठेवावं, पुढे कामी येणार आहे.) त्याच पत्रात असंही होतं की तिकडे खेड्यातले लोक हे झाड घराच्या छपराच्या कवेलूंवर लावतात, त्यानं घरावर वीज पडत नाही. ते मी शामकलेला वाचून दाखवलं. तिनं दोनदा विचारलं, "खरंच नाही पडत?" मी हसलो होतो.

साहेबाच्या हुकुमाप्रमाणे बगिच्यात उतरता दगडांचा ढीग रचायचा, त्यात गिट्टी भरायची, खत घालायचं नाही, पाणी जवळजवळ नाहीच. दगड आणायला आमचा जंगल-चौकीदार मंगरू गेला. मंगरू साठीचा माणूस, त्याला मी काम सांगतो पण शहाणपण सांगत नाही. त्यानं नाल्यातून बैलबंडीभर दगड आणले आणि ढिगाच्या माथ्यावर एक गुळगुळीत काळा दगड उभा बसवला. मी विचारलं हा कायले? म्हणाला, "बाबू, येवढी रास बिनमालकाची ठेवू नये." मला त्यात वावगं काही दिसलं नाही. तिथंच माझं नशीब फुटलं.

वैशाखात झाडं माना टाकू लागली. मुळाशी पाणी चालत नाही, पण गारवा तर पाहिजे. मी साहेबाच्या खोलीचा वाळ्याचा पडदा काढला, चार बांबूंवर ढिगाभोवती बांधला आणि सकाळ-संध्याकाळ तो पडदा भिजवू लागलो. दुपारी मंगरू पंख्यानं वारा घालायचा. शामकला तेव्हा टिनाच्या छपराखाली चुलीसमोर बसून भाकरी थापत होती. घामानं तिच्या कपाळाचं कुंकू दिवसातून तीनदा ओघळायचं. हे मला आत्ता लिहिताना दिसतं आहे, तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा मला लाल टोकं तेवढी दिसत होती.

आता आपण नागऱ्यासारख्या देवळाच्या गावचे, आपल्याला सांगायला नको. उभा काळा दगड, भोवती वाळ्याचा पडदा, कारकून अनवाणी पायांनी पाणी शिंपडतो आहे, चौकीदार वारा घालतो आहे. आणि गावात गोवर आलेला, म्हणजे मातामायचा कोप. दुसरा काय अर्थ निघणार? एका सकाळी शेजारची धुरपताबाई पाण्याचा लोटा घेऊन बगिच्यात आली. तिच्या नातीला तीन दिवस ताप होता. मी आडवा झालो. ती शांतपणे म्हणाली, "काऊन बाबू, तू मातामायले थंड करून राहिला, मंग मी काऊन नाही करू?" मी म्हटलं, बाई, ही माय नव्हे, साहेबाचं झाड आहे. ती म्हणाली, "साहेबाले माय नसते का?" तिचे डोळे रात्रभर न मिटल्यासारखे लाल होते. मी बाजूला झालो, तिनं लोटा ओतला.

तिसऱ्या दिवशी नात अंगणात खेळू लागली. चौथ्या दिवशी बगिच्याच्या फाटकापासून चौकीपर्यंत बायकांची रांग. सदा जिवंत झाडाला मारायचा एकच उपाय आहे, मामाजी, आणि तो म्हणजे भक्ती. बर्फ सोसलेली ती कमळं लोट्या-लोट्यानं कुजत गेली. बोट लावलं तर भरताच्या वांग्यासारखं आत जायचं. त्यात मंगरूनं कुणाच्या तरी कानावर घातलं की साहेब याला कोंबडी म्हणतो. झालं, मायला कोंबडी लागते असा अर्थ निघाला आणि एका नवसाच्या माउलीनं तांबडी कोंबडी मायच्या नावानं बगिच्यात सोडून दिली. देवाला सोडलेलं जनावर हाकलायचं नाही, एवढं मलाही कळतं. तिनं दोन दिवसांत गिट्टी उकरून उरलेली झाडं उलथीपालथी केली. रात्री ती माझ्याच खुराड्यात झोपते.

त्या चौथ्या दिवशीच्या रांगेत शामकला होती. हातात आपल्याकडचा पितळेचा लोटा. धुरपताबाईची नात तिच्या अंगाखांद्यावर खेळलेली, म्हणून ती मायचे उपकार मानायला आली होती. माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातून लोटा हिसकला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, तुला नवऱ्याच्या नोकरीची काही चाड आहे का, या झाडाचं बरंवाईट झालं तर तू भरून देणार का? ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तं ह्या घरात हंगामीच आहो. पक्कं तुमचं हे झाड." आणि दुपारच्या पॅसेंजरनं निघून गेली. मी स्टेशनवर गेलो नाही. पडदा भिजवायची वेळ झाली होती.

त्यानंतर झाडं संपली. एकूण एक. मी मात्र साहेबाला दर आठवड्याला लिहीत राहिलो की कोंबड्या-पिल्लं मजेत आहेत, कालच आणखी दोन पिल्लं झाली. काल साहेबाचं उत्तर आलं. गुरुवारी ते स्वतः येतात, आणि पैज हरणाऱ्या साहेबालाही बरोबर आणतात. ढिगात पानफुटी खोचून पाहिली, पण ज्याचा जन्म पानं ओळखण्यात गेला त्या जंगलच्या साहेबापुढे पानफुटी काय सोंग आणणार? आज सकाळी मी त्या ढिगासमोर डोकं धरून बसलो होतो, तेव्हा मंगरू बाजूला येऊन बसला. मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती इथं लिहीत नाही.

लांबलेल्या पत्राबद्दल क्षमा असावी. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

आपला आज्ञाधारक,
केशोराव

ता. क. – ती गोष्ट लिहितोच. कृपा करून आपल्या घराच्या छपराच्या उतरत्या पाखीवर, गोठ्याच्या बाजूला, कवेलूंच्या फटीत पाहावं. तिथं तीन बारकी कमळं असतील. शामकला निघाली त्या दुपारी तिनं ढिगातून तीन चांगली पिल्लं उचलली आणि पदरात बांधून नेली, आईच्या घरावर लावते म्हणाली, आणि मंगरूला मायची शपथ घातली की सांगायचं नाही. मागल्या साली आपल्या अंगणातल्या मोहाच्या झाडावर वीज पडली तेव्हापासून सासूबाई ढग वाजला की खाटेखाली शिरतात, हे ती विसरली नव्हती. उतरतं कवेलू, पाणी थांबत नाही, खत नाही. साहेबानं सांगितलं होतं अगदी तशी जागा. तीन महिन्यांत जे मला जमलं नाही ते तिनं न विचारता केलं. हे पत्र घेऊन मंगरू येतो आहे. पिल्लं धानाच्या तणसात गुंडाळून त्याच्याजवळ द्यावीत. माझं पक्कं होणं आता त्या पाखीवर आहे. आपण स्वतः चढू नये.

ता. क. २ – पाकीट चिकटवायला घेतलं तर आपल्या दिशेला ढग वाजू लागले आहेत. तिन्ही काढू नका. मोठं असेल ते राहू द्या. साहेबाला दोन पुष्कळ झाली. सासूबाईंना सांगा की विलायतेचा अनुभव आहे, खाटेवरच झोपा.

ता. क. ३ – शामकला, दुलीचंद मास्तर सुट्टीत बालाघाटला गेलेत हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. पाणउताऱ्याचा भाग तू मामाजींना वाचताना गाळला असशील, तेही माहीत आहे. मंगरूच्या हाती पिल्लं देऊ नकोस. तो ज्या गोष्टीला हात लावतो तिचा देव होतो. तू आण. पाखीवर चढायला भीती वाटली, हात पोहोचला नाही, पिल्लं मेली, तरी नुसती ये. वाळ्याचा पडदा मी आपल्या चुलीच्या दाराला लावला आहे आणि दोन वेळा भिजवतो. आत कुणी नाही, म्हणून कोंबडी जाऊन बसते. तुझा लोटा घासून ठेवला आहे. मी चुकलो. बुधवारच्या पॅसेंजरला मी स्टेशनवर उभा असेन, गुरुवारचं गुरुवारी पाहू. मामाजींनी विचारलं तर सांग, पत्र 'आज्ञाधारक'वरच संपलं.