बासरी थांबली की ओ

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र
मार्कंड्याची जत्रा. वैनगंगेत स्नान, दर्शनाला दोन तास रांग. उपवास पार पडला. परतताना बासरीवाल्यापाशी थांबलेच. दहा फुंकून पाहिल्या, नऊंची भोकं वाकडी. एक वीतभर, बारीक बांबूची निघाली. साठ सांगत होता, चाळीसला दिली.
हे म्हणाले, "पाच पांडव हायेत ना घरी, आता सहावी बासरी काऊन?"
जाऊ सुनंदा म्हणते, "मंग द्रौपदी नको का?" रस्ताभर हसत होती.

२० फेब्रु., शुक्र.
द्रौपदी हट्टी. खालचे सूर लगेच देते, वरचा सा काही केल्या नाही. फुंक चिरते. भाजी करपली. सुनंदाच्या नि आमच्या घरात मधे एकच कुडाची भिंत. पलीकडून ओरडली, "बाई, मांजर मारून राह्यली का?"

२४ मार्च, मंगळ.
मोहफूल पडायला लागलं. उद्यापासून पहाटे जंगलात वेचायला. चौघीच. शेजारच्या शेवंताबाई नि रेखा, सुनंदा, मी. झाडं जिची तिची, एकमेकींना दिसत नाही. रीत गेल्या सालचीच. मी पत्र्याची शिट्टी वाजवायची, मिनिटभराने थांबायचं. थांबले की ओ द्यायची, आधी शेवंताबाई, मग सुनंदा, मग रेखा. तिन्ही आल्या की पुन्हा वाजवायचं. वाघ दूर राहतो, नि कोण कुठे ते कळतं. माझी टोपली त्यामुळे अर्धीच. तिघी पसा पसा घालतात.
सुनंदा म्हणाली, यंदा शिट्टी नको, द्रौपदी आण.

२८ मार्च, शनि.
सुनंदा गेली. वाघाने
लिहवत नाही.

३० मार्च, सोम.
काल माती झाली. आज जंगलखात्याचा माणूस आला, पंचनाम्याला.
"बासरी वाजवताना किती किती वेळाने थांबत होत्या?"
"नेहमीसारखी. मिनिटा-मिनिटाले."
त्याने लिहून घेतलं. शेवंताबाई खाली पाहत होत्या.

१ एप्रिल, बुध.
दिवा लावताना देवासमोर बोलणं जमलं नाही. इथे लिहिते.
त्या दिवशी वरचा सा लागला. महिनाभर नाही लागला तो मोहाखाली लागला. स्वच्छ. सोडला तर परत मिळणार नाही म्हणून थांबले नाही. पुन्हा लागला. पुन्हा. किती वेळ ते माहीत नाही. फुलं पडत होती, एक डोक्यावरही पडलं. बरं वाटत होतं, हेही लिहिते.
मग थांबले. शेवंताबाईंची ओ आली.
मग काही नाही.
मग रेखाची.

९ एप्रिल, गुरु.
तेरवी. जेवणं उठली. प्रकाश भाऊजी, सुनंदाचे मालक, सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनीची बासरी होती म्हणून बाकीच्या तरी वाचल्या." लोकांनी माना हलवल्या. मी मान खाली घातली.
भांडी घासताना शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तू थांबलीच नाई, बाई."
"हो."
"मी प्रकाशले काई सांगितलं नाई. सांगणार बी नाई. ते तुयं हाये."

२ मे, शनि.
विडीसाठी तेंदूपत्ता तोडायचं काम सुरू होणार. रेखा आली. "चाल ना. तुयाशिवाय आमी जंगलात कश्या जाऊ?" नाही म्हटलं. कारण सांगितलं कंबरदुखीचं. हे दुसरं खोटं.
सोमवार धरले आहेत, पण पोथी पुढे सरकत नाही.

४ मे, सोम.
भाऊजी द्रौपदी घेऊन आले. त्या दिवशी मोहाखाली हातून पडली होती, शोधून आणली. तेल लावून पुसलेली.
"तिनंच नाव ठेवलं होतं ना. वाजवा, वहिनी. पडून राह्यली त फुटन."
"भाऊजी,"
"काय?"
"चहा ठेवू?"
नको म्हणाले. गेले.

६ मे, बुध.
दुपारी दार लावून द्रौपदी हातात घेतली. फुटेल म्हणून. खालचेच सूर, वर गेले नाही. मिनिटभर झालं असेल, सवयीने थांबले.
कुडापलीकडून भाऊजी म्हणाले, "ओ."
सुनंदाच्या वाट्याची.
ओ आली की पुन्हा वाजवायचं असतं. वाजवलं नाही. उठून कुडाजवळ गेले. पलीकडे ते उभे होते, श्वास ऐकू येत होता. माझाही त्यांना येत असेल.
"वहिनी?" म्हणाले.