उजवी बाजू

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

अनुषाला नाही म्हणून सांगितलं. शेजारची पोरगी, माझ्यासमोर मोठी झाली, आता कॅमेरा शिकून आली आहे. पहिली छोटी फिल्म करते आहे – जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांसारखी. भावाने केलेला खून लपवणारी बहीण मी व्हावं म्हणते.

"माझा चेहरा बघितलास ना?" मी म्हटलं. गेल्या वर्षी एका सकाळी उजवा डोळा मिटेचना. चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा. थोडं सुधारलं, बाकी तसंच. हसले तर अर्धीच हसते. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत इतकी वर्षं ज्याच्या जोरावर कामं केली, तोच हा चेहरा. गेल्या गणपतीत तर मी मंडळात पाऊलही टाकलं नाही.

ती म्हणाली, "अक्का, असल्या फिल्ममध्ये अर्धा चेहरा अंधारातच असतो."

सोमवार, ११ नोव्हेंबर

हो म्हटलं. 'अर्धा चेहरा अंधारात' – तेवढ्यावरच.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज शूटिंग. पीण्याच्या कारखान्यांच्या भागात शिवाप्पांची शेड बंद पडून आहे, ती ह्यांनी मागून घेतली. शिवाप्पा ह्यांचे जुने दोस्त. खिडक्यांवर काळं कापड लावलं. बाहेर रखरखीत दुपार, आत रात्र.

अनुषाने मला खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा लांब नेला. नंतर चित्र दाखवलं. सगळी रिकामी भिंत, तिच्यावर गजांची तिरकी सावली, आणि खाली कोपऱ्यात एवढीशी मी. मी काहीच केलं नव्हतं. तरी त्या बाईला कुणी नाही, हे कळत होतं.

मग इन्स्पेक्टरचा प्रवेश. अनुषाच्या ओळखीतला शिवकुमार इन्स्पेक्टर. त्याच्यासाठी कॅमेरा जमिनीलगत – एरवी साधासुधा माणूस, छतापर्यंत उंच दिसायला लागला. त्याने विचारायचं, "भाऊ कुठे आहे?" मी म्हणायचं, "माहीत नाही."

दिवा माझ्या डाव्या बाजूला. चांगल्या बाजूला. मी सगळा जीव ओतला – भुवई, गाल, ओठाचं टोक. अनुषा म्हणाली, "अक्का, स्वल्प कमी." पुन्हा केलं.

मग तिने दिवा उचलला आणि उजवीकडे आणला.

मी तोंड फिरवलं. "ही बाजू नको."

ती जवळ येऊन बसली. हळू बोलली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "ह्या बाजूने काहीच कळत नाही, अक्का. खोटं बोलणाऱ्या बाईचं तसंच असतं. चेहरा तिने बंद करून ठेवलेला असतो. मग बघणारा डोळ्यात शोधत राहतो. नको म्हणालात तर दिवा परत फिरवते. खरंच."

मला राग आला होता. माझ्या दुखण्याचा तमाशा करते की काय ही? पण दिवा परत फिरवायला ती उठलीही होती. विचारायला तिलाही जड गेलं असणार.

"सरी, ठीक आहे," म्हटलं. "एकदाच."

शिवकुमारने विचारलं. मी "माहीत नाही" म्हटलं. बस्स. चेहऱ्याने काही करायचा प्रयत्नच केला नाही. करता येतच नाही तिथे.

नंतर मॉनिटरवर बघितलं. अंधारातून निम्मा चेहरा बाहेर आलेला, दगडासारखा. आणि त्यात तो न मिटणारा डोळा, ओला. मला त्या बाईची भीती वाटली, आणि तिची दयाही आली. वर्षभर हा चेहरा मी न्हाणीघरातल्या आरशात बघते – तिथे वरून ट्यूबलाइट. आज पहिल्यांदा तो नीट बघितला.

येताना गाडीत गाढ झोपले. हे म्हणाले, घोरत होतीस.

रविवार, ८ डिसेंबर

अनुषाच्या घरी हॉलमध्ये भिंतीवर फिल्म बघितली. माझं लक्ष भिंतीकडे कमी, ह्यांच्याकडे जास्त. वर्षभर हे माझ्याशी बोलताना नजर कपाळावर ठेवतात. मला वाईट वाटू नये म्हणून.

संपल्यावर जिना उतरताना म्हणाले, "शेवटी तिला पकडतील की काय, असं मला वाटत होतं."

"तिला?"

"त्या बाईला गं." आणि माझ्याकडे बघितलं. सरळ, तोंडाकडे.

हसायला आलं. अर्धंच आलं. राहू दे.

बुधवार, ११ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं होतं ते आलं. आता यापुढे फारसा फरक पडणार नाही. पाण्याचा पेला पुढे केला त्यांनी. रडेन असं वाटलं असावं.

विचारलं, "म्हणजे उद्यापासून चेहऱ्याचा व्यायाम नाही?"

"नाही केलेत तरी चालेल."

खाली उतरले. समोरच्या दर्शिनी हॉटेलात ऑफिस सुटल्याची गर्दी. उभ्याने खायच्या टेबलाशी जागा धरली, तोंड लोकांकडे करून, आणि मसाला डोसा खाल्ला. चटणी ओघळली. पुसली. दुसरा डोसा मागवला.