डब्याची लाल बाजू

रविवार, १२ एप्रिल

आई, दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. आज बसले आहे तीही माया दाटून आली म्हणून नाही, वैतागले म्हणून. तुझ्या निवडुंगाने आणि तुझ्या नवऱ्याने मिळून मला जेरीस आणलं आहे, आणि दोघांपैकी एकही तोंड उघडत नाही.

दिवाळीत अप्पांना आकुर्डीच्या खोलीतून इकडे ताथवड्याला आमच्याकडे आणलं. बरोबर दोन पिशव्या, रेडिओ आणि ऑइलपेंटच्या डब्यात लावलेला तुझा निवडुंग. डब्याचं बूड गंजलं म्हणून त्यांनी मध्ये कधीतरी खालून पत्रा ठोकून घेतला, पण डबा बदलला नाही. एका बाजूला तो लाल ओघळ अजून तसाच आहे. मी निवडुंग हॉलच्या कोपऱ्यात ठेवला, कारण तिथे तो बरा दिसत होता. दोन-तीन महिन्यांत तो बाल्कनीकडे कलला आणि शेंडा बारीक, फिकट पोपटी होऊन लांबत गेला. ऊन कमी पडतंय, एवढं माझ्याही लक्षात आलं. मग मी शहाण्यासारखी मार्चमध्ये त्याला उचलून थेट पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलं. वाळवंटातलं झाड, त्याला उन्हाचं काय? आठवडाभरात उन्हाकडची अख्खी बाजू पांढरट पडली, आणि आता तिथे खपली धरल्यासारखी तपकिरी साल आली आहे. सावलीतल्या झाडाला ऊन हळूहळू द्यायचं असतं, हे मी नंतर वाचलं. चाकणला कंपनीत मी दिवसभर लोकांना सांगत असते की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग तपासा. घरी मात्र एकदम सगळंच बदलून बसले. नवरा म्हणाला, “त्याला कंपनीतच लावून टाक, निदान दिवसाची जनरल शिफ्ट तरी मिळेल.” मला हसू आलं नाही.

आता आमच्या घरात सकाळचं कोवळं ऊन येतं ते एकाच खिडकीत, अप्पांच्या खोलीतल्या. म्हणून मी ठरवलं की सकाळी सहाला त्यांना फिरायला उठवायचं, त्यांची साखर वाढलेली आहे, आणि त्याच वेळी डबा त्यांच्या खिडकीत ठेवायचा. एका फेरीत दोन्ही कामं. पण रोज सकाळी डबा मी ठेवलेल्या जागी नसायचा. तो असायचा अप्पांच्या बंद दाराबाहेर, पॅसेजच्या अंधारात, जिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. मी कामवाल्या मावशींना बोलले. त्यांनी फरशी पुसणं थांबवून सांगितलं की ताई, मी कशाला त्या काट्यांना हात लावू, आजोबाच आणून ठेवतात झोपायच्या आधी. मग मी अप्पांना बोलले. एकदा नाही, रोज. झाड मरतंय, आईची एवढी एकच जिवंत वस्तू उरली आहे, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, असं सगळं. ते ऐकून घ्यायचे, बूट घालायचे आणि माझ्याबरोबर खाली फिरायला यायचे. रात्री डबा पुन्हा दाराबाहेर.

आज सकाळी मी नेहमीप्रमाणे दार वाजवलं. बराच वेळ उत्तर नाही, म्हणून जोरात वाजवलं. त्यांनी उघडलं, विस्कटलेल्या केसांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “डबा दिसला नाही का तुला?”

मी म्हटलं, दिसला, म्हणूनच म्हणतेय, अंधारात ठेवून मारताय तुम्ही ते झाड.

“तुझ्या आईनं कधी दार वाजवलं का गं?” ते म्हणाले. “लाल बाजू बाहेर हाय. बघ की.”

आणि आई, मी तिथेच उभी राहिले. मी दुसरीत आहे. शाळेतून येते, आकुर्डीच्या गॅलरीच्या टोकाला थांबते आणि आधी आपल्या उंबऱ्याजवळचा डबा बघते. ओघळ बाहेर असेल तर अप्पांची रातपाळी आहे, ते आत झोपलेत. मग चपला हातात घ्यायच्या, कडी वाजू द्यायची नाही, दप्तर अलगद ठेवायचं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. शेजारच्या काकू पोरांना खाली पिटाळतात. पुढच्या सोमवारी पाळी बदलते, तू येता-जाता डबा फिरवतेस आणि अख्ख्या गॅलरीला पुन्हा आवाज फुटतो. तुला झाडाची काही पडली नव्हती. उन्हाचा विचार तर तू कधी केलाच नसशील. अप्पांची पाळी फिरायची म्हणून डबा फिरायचा, म्हणून झाडाला सगळीकडून ऊन लागायचं आणि ते वर्षानुवर्षं खांबासारखं सरळ वाढलं. आणि मी इथे खिडक्यांच्या दिशा बघत बसले होते.

पण मला राग आला, खरं सांगते. वीस पावलांवर मुलगी झोपते, मराठी बोलते. “मला सकाळी झोपू दे” हे चार शब्द माणसाने तोंडाने सांगावेत की नाही? मी हे त्यांना म्हटलं. ते कॉटवर बसून म्हणाले, “जन्मभर कंपनीच्या बसच्या भोंग्यावर उठलो. आता तरी कशाला उठवायलीस? तुला कळंल वाटलं. तू तर त्याच्यातच वाढलीस.” मी चहा टाकला.

चहा घेताना आमचं ठरलं. रात्री डबा दाराबाहेर राहील, लाल बाजू बाहेर. त्यांना जाग येईल तेव्हा तेच तो उचलून खिडकीत ठेवतील, कशीही बाजू उन्हाकडे करून, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर फिरायला जातील. ते उठतात तेव्हाही खिडकीत ऊन असतं, पण फार कडक झालेलं नसतं. निवडुंगाला तेवढं पुरेल का, मला माहीत नाही. भाजलेली बाजू पुन्हा हिरवी होत नाही, असं वाचलंय. वरचा नवा शेंडा जाड आला तर समजायचं की जमलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. मी दार वाजवते ते साखरेसाठी नाही. फिरणं तर संध्याकाळीही होतं, डॉक्टरांनी वेळ सांगितलीच नव्हती. तू गेलीस त्या सकाळी आम्ही सगळे पायांचा आवाज न करता वावरत होतो. रात्रभर खोकत होतीस, आत्ता कुठे डोळा लागलाय, झोपू द्या तिला, असं अप्पाच म्हणाले होते. ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलं, तरी आम्ही कुजबुजतच होतो. तेव्हापासून मला बंद दारामागची शांतता सहन होत नाही. ते दार उघडून माझ्यावर वैतागले की माझा दिवस सुरू होतो.

आत्ता पॅसेजमध्ये बघून आले. डबा दाराशी आहे, लाल बाजू बाहेर.

उद्या : दार वाजवायचं नाही.