माळ विकाऊ नाही

५ जानेवारी २०२५, रविवार

यशोधनने खरंच दुकानं बंद ठेवली! पुण्याचं, ठाण्याचं, दादरचं — त्याच्या ‘हेलकरी’ कंपनीची सगळी. तीही रविवारी, ट्रेकवाले सॅक आणि तंबू घ्यायला येतात त्या दिवशी! शटरवर नुसता एक कागद — ‘आज आम्ही माळावर आहोत. माळ विकाऊ नाही.’

आणि आले की माळावर! आमच्या वाऱ्याच्या माळावर. कंपनीची माणसं, कुठली कुठली ट्रेकर पोरं, पहिल्या बोटीने मांडव्याला उतरून तिथून रिक्षांनी. ही सरकारी जमीन हॉटेलवाल्यांना देऊ नका, म्हणून घोषणा. सरकार चुकतंय असं एखादी कंपनी उघड म्हणते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. सिमेंटवाले म्हणत नाहीत, टूथपेस्टवाले म्हणत नाहीत. सॅक विकणारा म्हणाला — आणि तो माझा मित्र! कॉलेजात माझ्या डब्यातल्या पोळ्या खाऊन गड चढलेला! मी गावभर मिरवून घेतलं.

दादाला मात्र कौतुक नाही. पडवीत सुपारी सोलता सोलता म्हणाला, "सॅक विकणाऱ्याला माळाचं एवढं काय पडलंय गं?" मी म्हटलं, सगळ्यांना स्वतःसारखं समजू नकोस. झालं. तो सुपारीचं सूप उचलून परसात गेला.

८ जानेवारी

वर्गात मुली विचारत होत्या, "मॅडम, तुम्ही पेपरात आलात?" आले ना! अर्धा चेहरा. उरलेल्या अर्ध्यावर ‘हेलकरी’चा झेंडा.

१३ जानेवारी

अलिबागला मोर्चा. शाळेत रजा टाकून गेले. ऊन असलं की डोकं अजून ठणकतंय.

भाषणं पुष्कळ झाली, पण आजचा दिवस गोदूबाईंचा. कोळीवाड्यातल्या. मी परकरात होते तेव्हापासून आमच्या दारात टोपली उतरवतात. माळावर बोंबील सुकवणाऱ्या बायकांत त्यांचा शब्द खाली पडत नाही. माईक हातात घेतला नि म्हणाल्या, "हाटेल झाला तं आमी मावरं कुटं सुकवाचा? तुमच्या पोहायच्या हौदाव?" सगळा मोर्चा हसला, बंदोबस्ताचे पोलीसही हसले. यशोधन तर स्टेजवर त्यांच्या पाया पडला. कंपनीचा टी-शर्ट दिला त्यांना, ‘माळ विकाऊ नाही’वाला. त्यांनी तो डोक्याला गुंडाळला. चुंबळ केली चक्क!

परत येताना यशोधन म्हणाला, "भार्गवी, तू नसतीस तर या गावाने मला उभंसुद्धा केलं नसतं." खरंच आहे ते. मला फार बरं वाटलं.

१८ जानेवारी

यशोधनचा फोन. माळाची एक छोटी फिल्म करायची आहे. गवत, समुद्र, आभाळ, बस. "काय वाचवायचंय ते लोकांना दिसू दे एकदा." पण बोंबील वाळत घालायच्या वलांडी मधे येतात. खुंट, दोऱ्या, कावळे. दोन दिवस काढून ठेवता येतील का?

मी म्हटलं, अरे, ऐन हंगाम आहे.

"म्हणून तर तुला सांगतोय. माझं कोण ऐकणार तिथे?"

१९ जानेवारी, रविवार

गोदूबाईंकडे गेले. अंगणात बसून बोंबलांच्या जोड्या लावत होत्या, याचा जबडा त्याच्या जबड्यात. हात थांबत नाहीत त्यांचे.

खुंटांचं काढल्यावर मात्र थांबले. "बाय, चालू हंगामान खुट काडत न्हाय."

मला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नाही? माळ कुणाच्या नावावर नाही. जिचा खुंट तिची जागा, सासूकडून सुनेला. पावसाच्या तोंडावर सगळ्या एकदम काढतात, नारळी पौर्णिमेनंतर आपापल्या जागी परत रोवतात. मधेच एखादीने काढला तर तिने जागा सोडली असं धरायचं. दुसरीने येऊन रोवला तरी तोंड उघडायचं नाही. यावर कधी भांडणसुद्धा ऐकलेलं नाही, इतका पक्का रिवाज.

म्हटलं, "पण सगळ्यांनीच काढले तर? मग कोण कुणाच्या जागेत जाणार? दोनच दिवस, गोदूबाई."

"त्यो तुजा मित्र आमच्यासाठीच भांडतं ना?"

"हो."

"तू सांगतंस?"

"मी सांगते. पण बायकांना तुम्हीच सांगा. माझं नाव नको — मास्तरणीचं ऐकून कोण खुंट काढेल?"

त्यांनी हातातली जोडी लावून टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, "सांगन."

कसलं हुश्श झालं मला! लगेच यशोधनला कळवलं. त्याने हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली.

२२ जानेवारी

खुंट निघाले. शाळेच्या वाटेवरून पाहिलं. बायका कुरकुरत होत्या, गोदूबाई पुढे होऊन स्वतःचा खुंट हलवत होत्या. मागून कंपनीची पोरं फावडी घेऊन भोकं बुजवतायत. म्हटलं, हे कशाला? तर म्हणे वरून कॅमेऱ्यात दिसतात.

खोटं कशाला लिहू — मोकळा माळ फार सुंदर दिसत होता. वासही नाही. मी चार फोटो काढले.

२६ जानेवारी

दोन दिवस कधीच उलटले. यशोधन म्हणतो, "हवेत धूर आहे, मनासारखा उजेड नाही." बोंबील रस्त्याच्या कडेला पसरलेत, वरून डंपर धूळ उडवतायत. झेंडावंदनाहून परतताना विनिता भेटली, गोदूबाईंची सून. रडकुंडीला आलेली. म्हणाली, "मॅडम, सासूबायना काय सुचला न् खुट काडाय लावलं, देवाला म्हाईत! माझा निम्मा माल वास मारतं."

मी म्हटलं, हं.

नुसतं ‘हं’. आणि घाईघाईने पुढे निघाले.

२८ जानेवारी

शाळेत असतानाच कळलं, माळावर जिपा आल्यात. जिल्ह्याची पाहणी. माळ कोण वापरतं, कशाला वापरतं, ते बघायला. मधली सुट्टी झाली तशी धावत गेले. तोवर जिपा वळत होत्या. यशोधन तिथेच! गॉगल कपाळावर, पाहणीवाल्या साहेबाशी हस्तांदोलन चाललेलं.

"अगं, अचानक आले. मी होतो म्हणून बरं."

"बोंबलांचं सांगितलंस ना?"

"सगळं सांगितलंय."

चला, निदान आपलं माणूस तिथे होतं.

३० जानेवारी

फिल्म झाली एकदाची. बायकांनी खुंट परत रोवले. भोकं धुम्मस करून बुजवलेली, पहारी लागल्या. गोदूबाईंनी एकेकीला तिच्या जागेवर उभं केलं. कुणाची वीतभरसुद्धा सरकू दिली नाही.

११ फेब्रुवारी

फिल्म आली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिली. टाळ्या. मुख्याध्यापकांनी माझ्याशी हात मिळवला.

घरी येऊन पुन्हा पाहिली. गवत लाटेसारखं हलतं, मग समुद्र, आणि यशोधनचा आवाज — ‘इथे कुणी राहत नाही. इथे कुणी काही करत नाही. म्हणूनच हा माळ आपल्या सगळ्यांचा आहे.’

इथे कुणी काही करत नाही?

यशोधनला विचारलं. उत्तर आलं — "भाषेचा भाग आहे गं. काव्य!"

१८ फेब्रुवारी

हॉटेल रद्द! शाळेत फोन आला तेव्हा मी फळ्यावर नकाशा काढत होते, खडू टाकून बाहेर धावले. कोळीवाड्यात फटाके. गोदूबाईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली, हाताला बोंबलाचा वास. म्हणाल्या, "तुज्या मित्राला जेवाय घेऊन ये. तिखला करतं मी."

संध्याकाळी माळाच्या तोंडाशी बोर्ड लागला. मीच वाचून दाखवला सगळ्यांना, मोठ्याने, वर्गात वाचते तसा. ‘मोकळे निसर्गक्षेत्र. पाहणीत कोणताही चालू वापर आढळला नाही. मासळी सुकवणे, गुरे चारणे, खुंट रोवणे मनाई. पायी भटकंतीसाठी खुले. देखभाल : हेलकरी.’

वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला. मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे काय?" मी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

२० फेब्रुवारी

फोनवर.

"पाहणीची तारीख तुला माहीत होती?"

"भार्गवी, आपण जिंकलोय."

"माहीत होती का?"

"…हो. ऐक तरी. वलांडी दिसल्या असत्या तर हॉटेलवाले म्हणाले असते, माळ आधीच वापरात आहे, मग आम्ही काय घोडं मारलंय? मोकळा दिसला म्हणून वाचला तो."

"कुणासाठी वाचला?"

"सगळ्यांसाठी! सरकारी जमीन आहे. सगळ्यांची. मूठभर बायकांची नव्हे."

"त्यांच्यासमोर पाया पडलास तू. स्टेजवर."

"मनापासून पडलो. आताही पडेन. बंदराजवळ शेड बांधून देऊ ना त्यांना, कंपनीतर्फे."

शेड! अरे, बोंबील वाऱ्यावर सुकतो रे, शहाण्या! चार भिंतींत कुजतो! ओरडले मी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "तू आत्ता रागात आहेस."

केसाने गळा कापला माझा. आणि त्याला तसं वाटतसुद्धा नाही! हॉटेलवाला निदान उघड म्हणत होता, मला जमीन हवी. याला जमीन नकोच आहे. याला नुसतं कुणी नसलेलं गवत हवंय, त्याच्या गिऱ्हाइकांना चालायला. तो खोटं वागला, वर स्वतःच्या नजरेत चांगलाही राहिला. याचा मला इतका संताप येतोय की पेन कागदात रुततंय. अक्षर बघा काय आलंय!

पंधरा वर्षांची ओळख. माझ्या आईच्या दिवसांना आला होता हा. पंगतीत वाढत होता.

२१ फेब्रुवारी

त्याने दिलेली सॅक परसात नेऊन पेटवली. धड जळेनासुद्धा मेली. नुसती वितळली, काळा धूर, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. दादा बादली घेऊन आला. वाटलं, आता म्हणेल — सांगत नव्हतो? म्हणाला, "हात भाजला का बघ. आणि जेवून घे."

मग मात्र रडले.

२३ फेब्रुवारी, रविवार

कंपनीच्या रखवालदाराने खुंट उपटून रस्त्यावर आणून टाकले. बायका भांडल्या. त्याने बोर्ड दाखवला. आज माळावर भटकंतीवाल्यांची पहिली तुकडी, रंगीबेरंगी सॅका. एका मुलीने विनिताला विचारलं म्हणे, "मावशी, फोटो काढाल का आमचा?"

आता कोळीवाड्यात एकच विषय — गोदूबाईंना खुंट काढायला सांगितलं कोणी? रोवलेले असते तर पाहणीला दिसले असते. लहान पोरालाही कळतंय. उद्या देवळात बैठक.

मी जाणार. उभी राहणार आणि सांगणार, मी सांगितलं होतं. दादा म्हणतो, "जाऊ नकोस. त्याच पोरांना शिकवायचंय तुला, त्याच गावात राहायचंय." म्हटलं, म्हणूनच जाणार. यशोधनसारखी गोड बोलून मोकळी होणार नाही मी! काय बोलायचं ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

२४ फेब्रुवारी

गेले बैठकीला. बैठक चालवणाऱ्या काळूराम नाखवांनी विचारलं, "गोदूबाय, तुला खुट काडाय कोनी सांगितला?" गोदूबाई उठल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कोनी न्हाय. माज्याच मनान आला." शेजारी बसलेली विनिता उठली आणि लांब जाऊन बसली. मग दुसरी उठली. मग सगळ्याच.

मी समोरच होते. बसून राहिले.