एका रकान्यात तीन वस्त्या

मंगळवार, संध्याकाळ. कंधार.

तहसीलात पाण्याच्या टँकरची यादी मीच भरली होती. प्रत्येक वस्तीला वेगळी ओळ करायची सोडून एकाच रकान्यात स्वल्पविराम देत तीन नावं कोंबली. आळस, दुसरं काय? कंप्युटरनं पहिलं नाव तेवढं उचललं. आठ दिवस टँकर त्या एकाच वस्तीवर गेला. तिसरं नाव अक्काच्या वस्तीचं होतं.

आज ती तहसीलात आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाया हंडे घेऊन इथंच यायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. म्हणलं, माझा भाऊ हाय तिथं, त्यो इसरणार न्हाई."

पाणी दिलं. अर्धा ग्लास प्याली, उरलेलं सासूसाठी बाटलीत ओतलं.

दोन स्वल्पविराम!

यादी दुरुस्त केली. जाताना तिनं विचारलं, "चूक कुणाची झाली रं?"

"कंप्युटरची," मी म्हणालो.

तिला पटलं.