ठाण्याच्या दारातली चूल

आये, परवा निकाल लागला. दादाला कोठडीत मारणाऱ्या दोघा पोलिसांना जन्मठेप झाली. ते वर अपील करतील, आपणही मागं हटणार नाही. पण ‘पळताना पडून मेला’ हे त्यांचं म्हणणं खोटं आहे, असं जजसाहेबांनी भर कोर्टात वाचून दाखवलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट आधी तुलाच सांगावीशी वाटली.

फलटणच्या बाजूला, उसाच्या फडांना लागून आपली पाच-सात पालं. आसपास कुठंही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी आपल्याकडं यायची, कारण आपण पारधी. बापाला घेऊन जायचे, आणि तू पिठाचं गाठोडं, तवा आणि मला घेऊन मागोमाग निघायचीस. ठाण्याच्या फाटकासमोर दगड मांडून चूल पेटवायचीस. मला अजून दिसतं, हवालदार अंगावर येऊन विचारतो, “ए, हितं काय मांडलंस?” तू भाकरी उलटतेस आणि वर न बघताच म्हणतेस, “आवं सायेब, आमचा मानूस आत हाय, गरम खाईल. त्यानं काय केलंय तेवढं सांगा, लगीच चूल मोडते.” सांगण्यासारखं त्याच्याकडं काही नसायचं. बाजाराला निघालेली माणसं थांबून बघायची. चार डोळे लागले की आतल्यांचा हात आखडायचा. दिवस कलायच्या आत बाप आपल्या पायांनी बाहेर यायचा. पोलिसाला कारण विचारता येतं, हे मला कायद्याच्या पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी त्या धुरात कळलं.

दादाच्या वेळी तुला चूल पेटवायला मिळालीच नाही. त्याला परस्पर फडातून उचललं, आणि आपल्याला बातमी आली ती थेट सरकारी दवाखान्यातून. माती झाल्यावर वस्तीतले तरणे हातात दगड घेऊन ठाण्याकडं निघाले. तू रडत नव्हतीस. वाटेत आडवी उभी राहिलीस आणि सगळ्यांच्या देखत दरडावलंस, “दगुड टाका खाली. एक काच फुटली तर उद्या समदी काचंचंच बोलतील. माझ्या पोराचं कोन बोलनार न्हाई.” धाकटा काका तुझ्यावर चिडला. म्हणाला, “मग काय नुसतं बसायचं?” तू म्हणालीस, “व्हय. उठवत न्हाईत तवर बसायचं, आन् उठवलं की पुन्ना बसायचं.” दगड खाली पडल्याचा आवाज मला ऐकू येतो आहे.

दादाला मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदवा म्हणून साताऱ्याला कलेक्टर कचेरीसमोर आपण बसलो, तेव्हा पहिल्या दिवसांत मैदान भरलं होतं. पुढारी आले, पेपरवाले आले, सगळ्यांनी फोटो काढले. मग ऊसतोड सुरू झाली आणि माणसं कोयते घेऊन पांगली. मागं राहिलो तू, मी आणि फाटका मांडव. मी म्हणाले, “आये, कोन न्हाई उरलं. जाऊ घरी.” तू म्हणालीस, “मानसं पोटापायी गेल्यात, रुसून न्हाई. येतील. तवर जागा सोडायची न्हाई.” पुढच्या हंगामाआधी तू वस्तीवस्तीत फिरलीस. तोडीला जाताना प्रत्येक वस्तीनं पाळीपाळीनं एक बाई इथं बसायला मागं ठेवायची, आणि तिच्या घरच्यांचं खाणंपिणं बाकीच्यांनी बघायचं, असं ठरवून घेतलंस. भाषणं खूप जणांनी केली, पण आपली चळवळ टिकली ती या पाळीवर. लोक मला सभेत विचारतात, इतकी वर्षं तुम्ही कशा टिकलात? मी त्यांना ही पाळी सांगते. त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं, त्यांची थोडी निराशा होते.

मी सांगलीला वकिली शिकत होते तेव्हा तू माझ्यासाठी काळा कोट शिवून घेतलास. मी माप द्यायला तिथं नव्हते, म्हणून शिंप्यापुढं तूच उभी राहिलीस. कोट खांद्यात मोठा झाला. तो अंगात घालून मी पहिल्यांदा कोर्टात उभी राहिले, तेव्हा तू नव्हतीस. समोरचे वकीलसाहेब माझ्या कोटाकडं बघून हसले. मी पुढचा साक्षीदार बोलावला.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. लोणंदच्या बाजारात शेळ्या विकून परतणाऱ्या आपल्या एका माणसाला वाटेत उचललं. वस्तीतल्या तिघी सुना लगेच ठाण्यात गेल्या. कुठल्या गुन्ह्यात आणलंय, कागद दाखवा, डॉक्टरकडं नेलं का, कॅमेरा चालू आहे का, सगळं उभ्या उभ्या विचारलं. नवा फौजदार म्हणाला, “तुमच्यात वकील कोण आहे?” एक जण म्हणाली, “वकील कशाला लागतोय सायेब? इचारायला तोंड हाय की.” दुपारी तो माणूस घरी आला. अंगावर एक वळ नव्हता.

मला हे दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळलं. मी विचारलं, “मला फोन का न्हाई केला गं?” त्या म्हणाल्या, “आवं आक्का, गरजच पडली न्हाई.” मी हसले, त्यांना शाबासकी दिली. हेच तर तुला हवं होतं, मलाही हवं होतं.

हे पत्र कुठं धाडणार? उशीखाली ठेवीन आणि सकाळी कामाला लागेन. पण तुला म्हणून सांगते, आये, त्या दिवशी घरी आल्यावर मला थोडं रडू आलं. मला बोलवायला हवं होतं गं त्यांनी.