बारावा झिंगा

अण्णा, तुमचा पत्र्याचा डबा आज पुन्हा उघडला. आत घड्याळजीकडून आणलेली छोटी पकड आहे, तांब्याच्या तारेचं भेंडोळं आहे, उस्तादांची पत्रं आहेत, आणि तुमचं लष्करातलं करडं-हिरवं स्वेटर आहे. त्याला डावी बाही नाही. ती दर वर्षी दोन बोटं उसवत गेली. आई म्हणायची, ह्यांचं स्वेटर थोडं थोडं करून काश्मीरला जाऊन राहिलंय. तुम्ही हसायचात, पण तिचं म्हणणं खरंच होतं.

मला आठवतं ते लातूरचं स्वयंपाकघर. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तुमची नांदेडहून बदली झाली होती. नांदेडला ऑफिसच्या मागे गोदावरी होती. इथे मत्स्य खात्याचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, आणि मासे असतील अशी जागा पुष्कळ लांब. ओट्याच्या कडप्प्याला तुम्ही ती पकड आवळता. तिच्यात गळ बसवता. गळाच्या दांडीवर आधी तार, मग स्वेटरची लोकर, पाठीवर साखरेच्या पिशवीतून कापलेली पारदर्शक पट्टी, आणि वरून पुन्हा तारेचे वेढे, म्हणजे पाठीवर खवले दिसतात. शेवटी सुईने खालची लोकर उकरायची, ते पाय. सगळा मिळून करंगळीच्या नखाएवढा. काश्मीरच्या थंड नदीत दगडांखाली असे झिंगे असतात, ट्राउट मासा ते खातो, आणि त्याला फसवायला माणूस लोकरीचा झिंगा करतो. हे तुम्हाला जवान असताना तिथल्या नदीच्या राखणदाराने शिकवलं. त्यांना तुम्ही उस्ताद म्हणायचात. पलटण सुटली तरी बर्फ वितळायच्या आत बारा झिंगे त्यांना पोचले पाहिजेत हा तुमचा नेम सुटला नाही. गळ तेच पाठवायचे, बारा. एकही जास्त नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. चाकूरकडच्या तलावात तुम्ही सोडलेलं माशांचं बीज चिखलात तडफडून मेलं. ते तुम्ही घरी एका वाक्यात सांगितलंत आणि जेवायला बसलात. मग तुम्हाला टँकरच्या कामाला लावलं, निलंग्याच्या बाजूला. शनिवारी एसटीने यायचं, रविवारी परत. अशाच एका रविवारी जाताजाता तुम्ही मला मांजरेवर नेलंत. नदीत वाळू होती आणि वाळूत खणलेले झिरे. तुम्ही बांबूची काठी घेऊन कोरड्या पात्रात उभे राहिलात आणि मला शिकवू लागलात. दोरी वरच्या अंगाला टाकायची. झिंगा तळाशी घासत खाली येऊ द्यायचा. ओढायचं नाही, त्याला पाण्याबरोबर येऊ द्यायचं. मासा त्या धोंड्याच्या आडोशाला असतो, तोंड वर करून. दोरी जराशी थबकली की समजायचं. तुम्ही इतक्या नेटाने सांगत होतात की मी त्या धोंड्याकडे बघत राहिले. झिऱ्यावर वाटीने घागर भरणारी एक म्हातारी बराच वेळ आपल्याकडे पाहत होती.

"साहेब, काय घावतंय?"

"अजून न्हाई घावलं, मावशी. पाणी यायचंय."

"येऊ द्या मग. मी बी त्यासाठीच बसले," म्हातारी म्हणाली, आणि घागर तिरकी करून पुन्हा वाटी लावली.

अकरा झिंगे झाले होते. बारावा मी आल्यावर, असं सांगून तुम्ही गेलात, आणि पुढचे दोन शनिवार आला नाहीत. पार्सल पाठवायचे दिवस निघून चालले होते. मी अकरावीत होते, तुमच्या बोटांकडे बघत वाढले होते. शेवटचा गळ मी पकडीत बसवला. तार नीट बसली. लोकर मात्र मी स्वेटरची घेतली नाही. मी झिंगा पाहिला होता तो आठवडी बाजारात, वाटीने मापून मिळणारा, सुकट. तो गुलाबी असतो आणि वाकलेला असतो. मला वाटलं, तुम्हाला रंग मिळत नाही म्हणून तुम्ही करडा बांधता. आईने धाकट्या भावाच्या कानटोपीसाठी आणलेली गुलाबी लोकर मी घेतली आणि झिंगा चांगला कमानीसारखा वाकवून बांधला. त्याचे पाय सुईने एकेक करून उकरले. इतकी पुरी झालेली वस्तू मी त्याआधी कधी केली नव्हती.

तुम्ही आलात ते दुपारी, आणि तासाभरात परतीची गाडी. अंगावर धूळ. तुम्ही झिंगा उजेडात धरलात.

"हा शिजलेला हाय," तुम्ही म्हणालात. "बाजारातला बांधलास तू. जिता झिंगा असा लाल न्हाई राहत, अन् इतका वाकत बी न्हाई."

आई तव्यावरून म्हणाली की हितं माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् ह्यांचे झिंगे पवून राहिले. तुम्ही तिकडे लक्ष दिलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत. उस्तादांनी विश्वासाने गळ पाठवलेत, असं म्हणालात. हा उसव, स्वेटरची लोकर घे, सरळ बांध आणि सोमवारी टपालात टाक. मग तुम्ही पिशवी उचललीत. पुढच्या शनिवारी दारातच विचारलंत.

"उसवलास का तो?"

"हाव," मी म्हणाले.

उस्तादांचं उत्तर दीड महिन्याने आलं. नेहमीसारखं उर्दूत. तुम्ही निजामाच्या काळात शिकलेले, ती पत्रं वाचता वाचता मराठी करून आम्हाला ऐकवायचात. मी पाणी भरलेल्या पिंपाजवळ उभी आहे. तुम्ही वाचता आहात, बर्फ उशिरा वितळला, गुडघा दुखतो, नातीचं लग्न ठरलं. मग तुम्ही थांबता. आईला चहा मागता. चष्मा पुसता. माझ्याकडे एकदा बघता, आणि पुढे वाचता, सगळ्यांना सलाम सांग. मी तेव्हा इतकंच समजले की आपण वाचलो.

पुढच्या वर्षी तुम्ही पकड आवळलीत आणि खिशातून एक पुडी काढून कडप्प्यावर ठेवलीत. गुलाबी लोकर होती. स्वेटरचा धागा ओढत, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "एखादा तसा बी असू दे." मी बांधला. त्यानंतर दर वर्षी अकरा तुमचे आणि एक माझा. का, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. उस्ताद गेल्यावर गळ यायचे थांबले. मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, मग तुम्हीही गेलात.

मला उर्दू येत नाही. आमच्या कॉलेजात एक निवृत्त सर अजून ग्रंथालयात येऊन बसतात, ते मूळचे उदगीरचे, उर्दूत शिकलेले. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून ती पत्रं वाचून घेतली. त्या वर्षीच्या पत्रात गुडघा आहे, नातीचं लग्न आहे, आणि मधे हे आहे: बारांपैकी एक तुझ्या हातचा नाही. लाल आहे. झिंगा आजारी पडला की असाच लालसर होतो, आणि मासा आधी तोच उचलतो. हे तुला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. ज्याने बांधला त्याला माझी दुआ दे. सरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं.

ही दुआ तुम्ही मला दिली नाहीत, अण्णा. यावर मी महिनाभर विचार केला. तुमचं चुकलं होतं, ते माझ्यासमोर म्हणायला जड गेलं असेल. किंवा ते वाचलं असतंत तर मी खोटं बोलले हे आईसमोर, धाकट्यासमोर उघडं पडलं असतं, म्हणून ती ओळ गिळलीत. दोन्ही असेल. तुम्ही मध्येच चहा मागितलात तेवढ्या वेळात हे ठरवलंत, आणि पुडी आणलीत वर्षभराने. दुआ तीच होती, असं आता मी धरून चालते.

मी तिकडे कधी गेले नाही. ट्राउट पाहिलेला नाही. आज संध्याकाळी मात्र पकड ओट्याला लावली. ओटा आता ग्रॅनाइटचा आहे, पकड घसरते. गळ नव्हता, म्हणून टाचणी वाकवून घेतली. एक झिंगा बांधला, तुमच्या स्वेटरच्या लोकरीचा, सरळ. तुम्हाला आवडला असता. तो आणि हे पत्र डब्यात ठेवते आहे, उस्तादांच्या त्या पत्राखाली.

त्या पत्रापासून तुम्हाला सगळं माहीत होतं, हे मला आता माहीत आहे. तरी त्याआधी तुम्ही दारात उभं राहून मला विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मी अजून नीट दिलेलं नाही. न्हाई, अण्णा. उसवला नव्हता.